नववा आठवडा आणि लहानपणापासूनचा दमा : पंप चालू ठेवावा की बंद करावा?

पहिलटकरीण, नाशिक :

सर्वांना नमस्कार. माझे वय २९ वर्षे असून मला नवव्या वर्षापासून दमा आहे. गेली चार वर्षे मी सकाळ-संध्याकाळ फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड (हे स्टेरॉइड) ही दोन औषधे एकत्र असलेला पंप नियमाने घेत होते आणि त्यामुळे साल्ब्युटामॉलचा तातडीचा पंप मला महिन्यातून एखाद्या वेळीच लागत असे. सध्या मला नववा आठवडा चालू आहे आणि ही माझी पहिलीच खेप आहे.

दिवस राहिल्याचे कळले त्याच संध्याकाळी मी पंपाच्या खोक्यातील माहितीपत्रक उघडून वाचले. ‘गरोदरपणात संभाव्य लाभ हा संभाव्य धोक्यापेक्षा अधिक असेल तरच वापरावे’ अशा अर्थाचे वाक्य त्यात होते आणि त्यातला ‘धोका’ हा एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला. सासूबाईंनाही वाटले की पहिले तीन महिने बाळाचे अवयव घडत असताना स्टेरॉइड पोटात जाऊ नये. त्यांचा हेतू वाईट नाही. त्या माझी फार काळजी घेतात. आम्ही दोघींनी मिळून पंप बंद करायचे ठरवले आणि माझ्या डॉक्टरांना मात्र विचारले नाही.

आता साडेतीन आठवडे झाले आहेत. पहाटे तीनच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊन जाग येते आणि मग उशांना टेकून बसून राहावे लागते. फोडणीचा धूर झाला की छातीतून सुंईसुंई आवाज येतो. तातडीचा पंप दिवसातून तीन-चार वेळा घ्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी तो घेताना आपण बाळाचे काही वाईट करत आहोत असे वाटून डोळ्यांत पाणी येते. शेजारच्या एक काकू म्हणतात की गरोदरपणात दम लागतोच, त्याचे एवढे मनावर घेऊ नये. दुसऱ्या म्हणतात की पंपापेक्षा गोळी सौम्य असते, ती घ्यावी. नात्यातल्या एकांनी दम्यावरची कुठलीशी पुडीही आणून दिली आहे, ती मी अजून उघडलेली नाही. ज्यांना या विषयाची जाण आहे किंवा जे या अनुभवातून गेले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोकणची लेक, चिपळूण :

ताई, तुमचे लिहिणे वाचताना मला माझी २०१७ सालची पहिली खेप जशीच्या तशी आठवली, म्हणून लगेच लिहीत आहे. मीही पंप सातव्या आठवड्यात बंद केला होता. फरक एवढाच की मला तो एका दवाखान्यात ‘आता नको, सवय लागेल’ असे सांगून बंद करायला लावला होता आणि मी तो सल्ला दुसऱ्या कोणाला न विचारता मानला.

पहिले काही महिने मी कसेबसे निभावले. सहावा महिना लागला तेव्हा आमच्याकडे ऑगस्टचा पाऊस होता, घराच्या भिंतींना ओल आली होती आणि मला साधी सर्दी झाली होती. त्या रात्री यजमानांनी ‘पाणी देऊ का?’ असे विचारले तर मला ‘दे’ एवढेच म्हणता आले. पुढचा शब्द येण्यापूर्वी श्वास संपत होता. मी खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकवून पुढे वाकून बसले होते आणि माझ्या बोटांची नखे निळसर दिसत होती. त्यांनी १०८ क्रमांकावर फोन केला. रुग्णवाहिकेत बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ८८ दिसले तेव्हा सोबतच्या डॉक्टरांनी काही न बोलता आधी मुखवटा लावला आणि मग पोटावर हात ठेवून ‘बाळ शेवटचे कधी हलले?’ असे विचारले. मला त्याचे उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मी आजपर्यंत विसरलेले नाही.

चार दिवस रुग्णालयात काढले. प्राणवायू, वाफेतून औषध आणि शिरेतून स्टेरॉइड, सगळे द्यावे लागले. ज्या औषधाच्या भीतीने मी पंप सोडला, तेच औषध त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेत घेण्याची वेळ माझ्यावर आली. मुलगी सदतिसाव्या आठवड्यात, २ किलो २०० ग्रॅम वजनाची झाली. तिचे वजन दम्यामुळेच कमी भरले असे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले नाही आणि मीही तसे म्हणणार नाही; पण त्या रात्री तिच्यापर्यंत किती प्राणवायू पोहोचला असेल, हा विचार मनात येतोच.

दुसऱ्या खेपेस मी दिवस राहण्याआधीच छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पंप एक दिवसही बंद करू दिला नाही. कोणत्या लक्षणाला काय करायचे याचा कागद त्यांनी लिहून दिला, तो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. सरकारी रुग्णालयात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. तिथे जातानाही मी माता-बाल कार्डाबरोबर तो कागद न्यायचे. त्या नऊ महिन्यांत मला एकदाही दाखल व्हावे लागले नाही. तेव्हा ताई, आधी उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना गाठा; बाकीचे वाचन नंतर करा.

छातीविकारतज्ज्ञ, पुणे :

मी वीस वर्षांहून अधिक काळ श्वसनविकारांच्या रुग्णांवर उपचार करतो. येथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून. आपली मात्रा ठरवणे हे आपल्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. रात्री झोपमोड होणे आणि तातडीचा पंप दिवसातून तीन-चार वेळा लागणे, या दोन गोष्टींवरूनच आपला दमा आटोक्याबाहेर गेला आहे असे म्हणता येते, आणि म्हणून वरील ताईंनी दिलेला ‘उद्याच जा’ हा सल्ला मी पूर्णपणे उचलून धरतो. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील किंवा तातडीचा पंप घेऊनही दम ओसरत नसेल, तर उद्याचीही वाट पाहू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आता मूळ प्रश्न. गर्भाला स्वतःचा श्वास नसतो; त्याला मिळणारा प्राणवायू हा आईच्या रक्तातून वारेमार्फत जातो आणि गर्भाच्या रक्तातील प्राणवायूचा दाब मुळातच आईपेक्षा पुष्कळ कमी असतो. त्यामुळे आईच्या प्राणवायूत झालेली जी घट आईला सोसते, ती बाळाला सोसेलच असे नाही. या कारणाने गरोदर स्त्रीला दम्याचा झटका आला तर आम्ही प्राणवायूचे प्रमाण निदान ९४-९५ टक्क्यांच्या वर ठेवण्याचा आग्रह धरतो. दमा आटोक्यात नसलेल्या मातांमध्ये गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळाचे कमी वजन यांचे प्रमाण अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. म्हणजे आपल्यापुढची निवड ‘औषध की निर्धोक गरोदरपण’ अशी नसून ‘पंपातील थोडे औषध की बाळाला अपुरा प्राणवायू’ अशी आहे.

ब्युडेसोनाइडविषयी बोलायचे तर श्वासावाटे घेण्याच्या स्टेरॉइडांपैकी गरोदरपणातील सर्वाधिक माहिती याच औषधाबाबत जमा झालेली आहे. स्वीडनमध्ये प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद ठेवली जाते. त्या नोंदींवरून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणाच्या सुरुवातीलाच हे औषध घेतलेल्या मातांची २,०१४ बाळे तपासली गेली. त्यांच्यातील जन्मजात दोषांचे प्रमाण ३.८ टक्के निघाले, तर तेथील एकूण बाळांमध्ये ते ३.५ टक्के होते. हा फरक आकडेशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नाही. अवयव घडण्याच्या ज्या काळाची भीती आपल्या सासूबाईंना वाटते, नेमका तोच काळ या अभ्यासात पाहिला गेला होता, हे त्यांना जरूर सांगावे. साल्ब्युटामॉल आणि फॉर्मोटेरॉल यांचाही अनुभव दिलासा देणारा आहे. मात्र फॉर्मोटेरॉलसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध दम्यात एकटे घेऊ नये, ते स्टेरॉइडच्या जोडीनेच घ्यावे. आपला पंप तसाच आहे.

गरोदरपणात पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि त्याबाबत मी काही लपवू इच्छित नाही. पहिल्या तीन महिन्यांत या गोळ्या घेतल्यास ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा धोका किंचित वाढतो, असे काही अभ्यासांत दिसले आणि काहींत दिसले नाही. तो धोका खरा धरला तरी आकड्याने लहान आहे; शिवाय प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीचा बहुतांश भाग वारेतच निष्प्रभ होतो आणि बाळापर्यंत त्याचा लहानसा अंश पोहोचतो. तीव्र झटक्यात हे औषध नाकारणे आई आणि बाळ या दोघांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून गरज पडल्यास ते दिलेच जाते. पण ती गरज पडू नये यासाठीच तर रोजचा पंप असतो.

‘गरोदरपणात दम लागतोच’ हे शेजारच्या काकूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गरोदर स्त्रीचा श्वास खोल होतो, तिला हवा कमी पडल्यासारखी वाटते आणि हे अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतही जाणवू शकते. परंतु त्या दम लागण्यात घरघर नसते, खोकल्याची उबळ नसते आणि त्याने पहाटे तीनला जागही येत नाही. फुंकर मारून श्वासाचा वेग मोजण्याचे जे छोटे नळीसारखे यंत्र मिळते, त्यावरचा आकडा केवळ गरोदरपणामुळे फारसा बदलत नाही. तो खाली आला असेल तर कारण दमा आहे असे समजावे. याच संदर्भात प्रसूती विभागात काम करणारे कोणी हे वाचत असतील तर एक गोष्ट त्यांच्यासाठी नोंदवतो. गरोदर स्त्रीच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवीच २८ ते ३२ मिलिमीटर पारा इतका खाली असतो. त्यामुळे झटक्याच्या वेळी अहवालात ४० हा आकडा आला तर तो ‘सामान्य’ समजून निर्धास्त होऊ नये, ती रुग्ण थकत चालल्याची खूण असते.

गरोदरपणात दम्याचे पुढे काय होते, याचा एक ढोबळ हिशेब आमच्याकडे सांगतात : साधारण एक तृतीयांश स्त्रियांचा दमा सुधारतो, एक तृतीयांश स्त्रियांचा बळावतो आणि उरलेल्यांचा आहे तसाच राहतो. झटके अधिक करून चोविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यांच्या दरम्यान येतात. आपण कोणत्या गटात जाल हे आज सांगता येत नाही, म्हणून दर महिन्याला तपासणी हवी आणि या काळात औषध कमी करून पाहण्याचा प्रयोग टाळावा. जागतिक मार्गदर्शक तत्त्वांचेही हेच सांगणे आहे. २०१९ पासून त्याच तत्त्वांत, केवळ तातडीच्या पंपावर दमा सांभाळू नये असेही स्पष्टपणे म्हटले आहे, आणि आपण सध्या नेमके तेच करत आहात.

माहितीपत्रकातील त्या वाक्याविषयी दोन शब्द. गरोदर स्त्रियांना औषधांच्या चाचण्यांतून कित्येक दशके बाहेर ठेवले गेले, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक औषधाच्या पत्रकात ही सावधगिरीची भाषा येते. तिचा अर्थ ‘घेऊ नका’ असा नसून ‘डॉक्टरांनी विचार करून द्यावे’ असा आहे. हे वाक्य वाचून घाबरलेल्या आणि मध्यरात्री तातडीच्या विभागात आणाव्या लागलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीचीही चूक मला तिची स्वतःची वाटली नाही. औषध लिहून देताना आम्हीच हे समजावून सांगायला हवे होते.

औषधनिर्माता, सातारा :

डॉक्टरांनी सविस्तर लिहिले आहेच. मी दुकानाच्या या बाजूने जे रोज पाहतो तेवढेच जोडतो. गोळी सौम्य आणि पंप कडक, हा समज अगदी उलटा आहे. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची असते. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत जाते म्हणून ते एवढे थोडे पुरते. गोळीचे औषध आधी सगळ्या अंगभर फिरते आणि मग त्यातले थोडे छातीत पोहोचते. हात थरथरणे आणि छातीत धडधडणे गोळीने अधिक होते, ते याच कारणाने.

मात्र पंप नीट घेतला तरच हा फायदा मिळतो. परवाच एक ताई ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून आल्या. मी त्यांना समोर घेऊन दाखवायला सांगितले, तर त्यांनी पंप न हलवताच तोंडात धरून दाबला आणि औषधाचा पांढरा फवारा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर पडताना मला दिसला. पंप आधी चांगला हलवावा, शक्यतो स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळकांड्याला) लावावा, श्वास पूर्ण सोडून मग सावकाश आत घ्यावा आणि जमेल तेवढा, दहा सेकंदांपर्यंत, रोखून धरावा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने घ्यावा आणि स्टेरॉइडच्या पंपानंतर खळखळून चूळ भरून पाणी टाकून द्यावे, म्हणजे तोंड येत नाही आणि गिळले जाणारे औषधही कमी होते. पंप पाण्यात तरंगवून तो भरलेला आहे का हे पाहण्याची जुनी पद्धत चुकीची आहे. मागचा आकडा पाहावा आणि आकडा नसेल तर दाब मोजून कॅलेंडरवर खूण करावी. रोटाकॅप ही यंत्रात घालून आतली पूड श्वासावाटे ओढायची असते, ती गिळायची कॅप्सूल नाही हेही सांगून ठेवतो, कारण ती पाण्याबरोबर गिळणारी माणसे मला आजही भेटतात.

ती पुडी मात्र उघडू नका. नाव, घटक आणि मात्रा न छापलेल्या दम्याच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत आणि काहींमध्ये शिसे, पारा यांसारखे जड धातूही आढळले आहेत. स्टेरॉइड टाळायचे म्हणून पंप सोडायचा आणि किती आहे हे माहीत नसलेले स्टेरॉइड पुडीतून घ्यायचे, असे आपल्याकडून होऊ नये.

पहिलटकरीण, नाशिक :

सर्वांचे मनापासून आभार. मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले आणि सासूबाईंना मुद्दाम सोबत नेले. डॉक्टरांनी माझी छाती तपासली आणि मग स्टेथोस्कोप काढून सासूबाईंच्या कानांत घातला. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग एवढेच म्हणाल्या, ‘अगं, हे तर दाराच्या फटीतून वारा शिरावा तसं वाजतंय.’ माझा पूर्वीचाच पंप पूर्वीच्याच मात्रेत स्पेसरसह पुन्हा सुरू झाला आहे. फुंकर मारायच्या यंत्रावर त्या दिवशी ३१० आकडा आला होता. आज बारा दिवसांनी तो ३९० आहे आणि एरवी माझा उत्तम आकडा ४०० च्या आसपास असतो. तातडीचा पंप गेल्या पाच दिवसांत लागलेला नाही. रात्री आठ वाजता सासूबाई स्वतः पंप आणि चूळ भरायला तांब्याभर पाणी आणून ठेवतात.

आता त्यांचाच एक प्रश्न आहे. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून शेक देतात आणि आई-बाळ दोघांना ओवा-वावडिंगाची धुरी देतात. ते चालेल का, आणि पंप चालू असताना बाळाला अंगावर पाजता येईल का?

छातीविकारतज्ज्ञ, पुणे :

आपले आकडे वाचून फार आनंद झाला. अंगावर अवश्य पाजावे. पंपातील औषध दुधात इतके नगण्य उतरते की त्यासाठी पाजणे किंवा पंप, यांपैकी काहीही थांबवण्याचे कारण नाही. शेगडी आणि धुरी मात्र नको, कारण बंद खोलीतला धूर आपल्याला झटका आणू शकतो आणि नवजात बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांनाही तो बाधतो. सासूबाईंच्या मनातील हेतू ऊब देण्याचा आहे; ती ऊब गरम पाण्याच्या पिशवीने, कोमट तेलाच्या मालिशीने आणि सकाळच्या उन्हाने देता येते. डासांची कॉइल आणि उदबत्तीसुद्धा त्या खोलीबाहेरच ठेवावी.

प्रसूतीविषयी आपण विचारलेले नाही, तरी आताच सांगून ठेवतो. आपल्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘दमा आहे’ असे लाल शाईने लिहून घ्यावे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव थांबवण्यासाठी वापरली जाणारी कार्बोप्रोस्ट आणि मिथिलअर्गोमेट्रिन ही औषधे श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून दम्याच्या रुग्णात ती टाळली जातात. ऑक्सिटोसिन निर्धोकपणे देता येते. रक्तदाब वाढल्यास सर्रास दिले जाणारे लॅबेटालॉल दम्यात शक्यतो देत नाहीत. त्याऐवजी निफेडिपिनसारखे औषध निवडता येते. ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाने आपल्याला पूर्वी कधी दम लागला असेल तर तेही आवर्जून सांगावे, कारण रक्तदाबाचा विकार टाळण्यासाठी काही गरोदर स्त्रियांना कमी मात्रेचे ॲस्पिरिन दिले जाते.

प्रत्यक्ष कळांच्या वेळी झटका क्वचितच येतो, तरी त्या दिवशीही सकाळ-संध्याकाळचा पंप चुकवू नये. रुग्णालयात न्यायच्या पिशवीच्या यादीत बाळाच्या दुपट्यांबरोबर दोन्ही पंप आणि स्पेसर आतापासूनच लिहून ठेवावेत. बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांत दमा पूर्वीच्या वळणावर येतो; तेव्हा एकदा दाखवून जावे, आणि मात्रा कमी करायची की नाही याचा विचार त्या भेटीत करता येईल.